बाळ काचेत आहे

“बाळ काचेत आहे.”

आमच्या भागात या वाक्याचे तीन अर्थ होतात. एक, बाळ खरोखरच काचेच्या पेटीत किंवा वॉर्मरखाली आहे. दुसरा, बाळ आहे, पण तग धरेल असं डॉक्टरांना वाटत नाही. आणि तिसरा, बाळ गेलंय, बाळंतिणीला इतक्यात कळू द्यायचं नाही. सांगणारं माणूस तेच, शब्द तेच, आवाजही बहुधा तोच. तिसरा अर्थ कधी आहे हे ओळखायला मला नोकरीची पाच-सहा वर्षं लागली. बाळंतिणींना तो लवकर कळत असावा. त्या विचारायचं थांबतात आणि घरच्यांना वाटतं, हिचा विश्वास बसला.

मी ३१ वर्षं सरकारी दवाखान्यात परिचारिका होते, सगळी बीड जिल्ह्यात. आधी लेबर रूम, नंतर नवजात बाळांचा विशेष कक्ष, ज्याला आम्ही एसएनसीयू म्हणतो. गेलेल्या बाळांचे आकडे रजिस्टरात आहेत, ते मला आठवत नाहीत. आठवतात त्या जोड्या. बाळाला काय झालं हे कागदावर लिहायला जागा असते; त्या दोघांचं आपसात काय झालं, हे फक्त जाता-येता दिसतं. त्यातलं थोडं लिहिते आहे. कुणाची ओळख लागू नये म्हणून गाव-तपशील इकडचे तिकडे केले आहेत.

एक टेम्पोवाला होता. बायकोची पहिली खेप, म्हणून ती माहेरी आलेली. सिझर झालं तेव्हा हा दीडशे किलोमीटरवर माल उतरवत होता. पोचला तोवर बाळ वर आमच्याकडे आलेलं. पोटातच शी करून ती गिळलेली, जन्मल्यावर रडलंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी पहाटे गेलं. तिची आई, त्याची आई आणि कुणी एक मामा यांनी जिन्यात उभ्या उभ्या ठरवलं की टाके ओले आहेत, हिला सांगायचं नाही. त्याला कुणी विचारलं नाही. बाळ ताब्यात घेतल्याच्या कागदावर सही मात्र त्याची घेतली. दुपारी बाळाला गुंडाळून तो आणि दोघं-तिघं गावाकडं गेले. संध्याकाळी परत आला तो अंघोळ करून, पण नखांत माती तशीच होती.

मी कुठल्याशा बाळाच्या आईला वर बोलवायला खाली बाळंतिणींच्या वॉर्डात गेले होते, म्हणून पुढचं ऐकलं. ती उशीला टेकून बसलेली. त्याच दुपारी तिला पान्हा फुटला होता.

“दूध घेतंय का?”

“घेतंय.”

“कशानं पाजतात?”

“वाटी-चमच्यानं.”

तिनं उशाची स्टीलची वाटी उचलली. वर बशी झाकलेली होती. “हे नेऊन द्या. निवायच्या आत.”

मी वर आले, पाठोपाठ तो आला. दारात चप्पल काढून उभा राहिला, दोन्ही हातांत ती वाटी. म्हणाला, “सिस्टर, हे कुठं ओतू?”

मी बेसिनकडं बोट दाखवलं. माझ्या हातात तेव्हा दुसरं बाळ होतं, नळी सुटली होती. हे खरं आहे, आणि तरी ते बोट मला अजून खुपतं. तो बेसिनपाशी गेला, जरा थांबला, आणि वाटी तशीच घेऊन जिना उतरून बाहेर निघून गेला. पुढचे दोन दिवस तो दर तीन-चार तासांनी तशीच वाटी घेऊन निघायचा आणि विसळून परत आणून द्यायचा. आमच्या दारात मात्र तो पुन्हा आला नाही.

पाचव्या दिवशी तिला सांगितलं. सव्वा महिन्यानंतर ती भावाबरोबर कागद न्यायला आली. कागदावरची तारीख तिनं दोनदा वाचली. बोटांवर दिवस मोजले. मग माझ्याकडं बघून म्हणाली, “म्हणजे मी पहिली वाटी दिली तेव्हा…” पुढं बोललीच नाही. जाताना एवढंच म्हणाली, “तुम्ही पण सांगितलं होतं ना, काचेत आहे म्हणून.” सांगितलं होतं.

ती आठ महिने सासरी गेली नाही. बाळाच्या दुःखानं खचली असं सगळे म्हणत. पुढच्या वर्षी तिची भावजय आमच्याकडं बाळंत झाली, तेव्हा तिनं सांगितलं, “वन्सं बाळाचं कसंबसं सोसतात हो. वाटीचं नाही सोसवत त्यांना.” आणि तो? तो त्या दोन दिवसांबद्दल कुणाशी बोलू शकणार होता? खोटं त्याचं नव्हतं, दुसऱ्यांनी ठरवून त्याच्या हातात दिलेलं होतं. ते वाहून नेलं त्यानं.

दुधाचं इथंच सांगून टाकते. बाळ गेलं हे छातीला कळत नाही. पोटातच ठोके थांबलेलं बाळ जन्मलं, तरी दोन-चार दिवसांत पान्हा येतो. घट्ट आधार द्यायचा, गार फडकं ठेवायचं, पिळून काढत बसायचं नाही, फारच झालं तर डॉक्टर गोळी देतात. जुन्या बायका मोगऱ्याची फुलं बांधतात, शहरातल्या कोबीची पानं ठेवतात. मुंबईत सायनच्या रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातेच्या दुधाची पेढी सुरू केली. तसलं काही आमच्या दवाखान्यात असतं, तर “कुठं ओतू” याला माझ्याकडं उत्तर असतं. त्या काळी नव्हतं.

नवरा-बायको एकाच बाळाचं दुःख करतात, असं आपण धरून चालतो. मला तसं दिसलं नाही. तिचं बाळ पोटात लाथा मारणारं, रात्री दोनला जागं होणारं, गोड खाल्लं की हलणारं. त्याचं बाळ म्हणजे औषधाच्या चिठ्ठ्या, रक्तपेढीच्या खेपा, आणि शेवटी हातांवर आलेलं गाठोडं. सव्वा किलोचं बाळ कापडात गुंडाळलं की किती हलकं लागतं, हे बापाला ठाऊक असतं. आईला बहुतेक वेळा ते वजन हातात मिळतच नाही.

आणि आपल्या रीती तर जणू या दोघांना वेगळं ठेवायलाच निघालेल्या. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे बातमी त्याला फोनवर. इतक्या लहान बाळाला जाळत नाहीत, पुरतात. ते काम बाप्यांचं, बाई तिकडं जात नाही. खड्ड्यात मीठ घालतात, वर दगड रचतात, कुत्र्यांसाठी बाभळीच्या काट्या टाकतात. हे सगळं तो पाहून येतो आणि घरात कुणी विचारत नाही. दहावं नाही, तेरावं नाही, पिंड नाही. चार माणसं येऊन बसतील असा एक दिवस नाही. तो तिसऱ्या दिवशी कामावर असतो. ती सव्वा महिना अंधाऱ्या खोलीत, शेक-शेगडीसकट, बाळाशिवायची बाळंतीण. पाचवीच्या आत गेलं असेल तर बायका म्हणतात, सटवाई लिहायला यायच्या आतच गेलं, त्याच्या कपाळी काही लिहिलेलंच नव्हतं. बोलणाऱ्या बाईला यात दिलासा वाटत असतो. ऐकणारीला वाटतं, म्हणजे ते नव्हतंच की काय.

बारसं नाही म्हणून नाव नाही. आमच्या रजिस्टरात ‘बेबी ऑफ’ आणि पुढं आईचं नाव, मनगटावरच्या पट्टीवरही तेच. बापाचं नाव ठळकपणे येतं ते शेवटच्या कागदावर, सहीपाशी. मला कैक वर्षं हे लक्षातच आलं नाही. एका बापानं सही करताना पेन थांबवून विचारलं होतं, “माझं नाव पहिल्यांदा इथंच का?” हा हुज्जत घालतोय असं मला वाटलं, आणि मी त्याला घाई केली.

आम्ही शिकाऊ होतो तेव्हा वर्गात आनंदीबाई जोशींची तसबीर होती. चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या, बाळ दहा दिवसांनी गेलं, वेळेवर उपचार मिळाले नाहीत, म्हणून त्या डॉक्टर झाल्या, १८८६ साली अमेरिकेत पदवी घेतली. ही गोष्ट आम्हाला दरवर्षी सांगत. सांगणारे दहाव्या दिवसावरून थेट फिलाडेल्फियाला पोचत. मधल्या दिवसांत त्या घरात ती चौदा वर्षांची मुलगी आणि तिच्याहून कितीतरी मोठा, तापट, शिकवण्याचा ध्यास घेतलेला तिचा नवरा गोपाळराव एकमेकांशी काय बोलले असतील, हे विचारावं असं तेव्हा मलाही सुचलं नाही. आता तसबीर दिसली की तेवढंच सुचतं.

एक शिक्षक जोडपं होतं, दोघंही जिल्हा परिषदेच्या शाळेत. आठवा महिना पुरा होत आलेला, ठोके लागेनात. आमच्या कोड भाषेत त्याला तेव्हा ‘आययूडी’ म्हणत, आणि केसपेपरवर ते वाचून तिच्या नवऱ्यानं मला विचारलं होतं, “मॅडम, तांबी कुणी बसवली हिला?” दोन्हींचं इंग्रजी लघुरूप एकच. त्या दिवशी मी त्याला ते समजावून सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही.

तोवर मी एक करू लागले होते. बाळाच्या पायाचा ठसा केसपेपरवर घेतोच, तसाच एक कोऱ्या कागदावर घ्यायचा आणि विचारायचं, हवा का. सगळ्यांना नको असतो. एका आजीनं माझ्या हातून कागद हिसकून फाडला होता, “मेलेल्याचं पाऊल घरात आणता का” म्हणून. तिचं घर, तिचा विचार. त्या शिक्षिका बाई म्हणाल्या, “नको, मला बघवणार नाही.” सर काही बोलले नाहीत. तासाभरानं एकटेच आले. “टाकून दिला नसेल तर…” मी दिला.

दोन वर्षांनी त्या बाई पुन्हा आल्या, सात महिने झालेले. दुसऱ्या खेपेला आलेली अशी जोडपी बघावीत. घरात एक दुपटंसुद्धा आणलेलं नसतं. डोहाळजेवण नको म्हणतात. पहिल्या वेळी दगडासारखे उभे राहिलेले बाप या वेळी मोडतात. सरांनी मोबाइलवर दर तासाचा गजर लावला होता, गजर वाजला की विचारायचं, “हललं का?” बाई वैतागल्या होत्या. रात्री तीनलाही गजर. एकदा तपासणीला आल्या त्या चिडूनच आल्या, सर मागं खाली मान घालून.

“सिस्टर, हे बघा.” त्यांनी सरांच्या मोबाइलचं कव्हर काढलं. आत घडी घातलेला तो कागद. “दोन वर्षं याच्या खिशात होतं हे. आणि मला वाटत होतं, हा माणूस विसरला. तिसऱ्या दिवशी शाळेत गेला हा. मूल्यमापनाचे तक्ते भरत बसला.”

सर म्हणाले, “तूच म्हणालीस, बघवणार नाही.”

“तेव्हा म्हणाले.”

मी चहा सांगते म्हणून उठले. खरं तर चहा सांगायची काही सोय नव्हती. दहा मिनिटांनी परत आले तेव्हा कागद त्यांच्या मांडीवर होता आणि दोघं कसल्याशावरून भांडत होते, डाव्या पायाचा की उजव्या. गजर त्यानंतरही चालूच राहिला, बाळ होईपर्यंत.

सगळ्यांचं असं होत नाही. एकाच्या आईनं वर्षाच्या आत दुसरी मुलगी पाहिली, पहिलीला माहेरी सोडून दिलं. एक नवरा दारूला लागला, आणि दारू प्यायला की मगच बाळाबद्दल बोलायचा, म्हणून बायकोला त्याच्या पिण्याचीच वाट पाहायची सवय लागली. हे तिनं स्वतः सांगितलं, लाजत. “लगेच दुसरं होऊ द्या” हे तर येणारा-जाणारा सांगतो. त्या दोघांना एकमेकांजवळ जायचीच भीती वाटत असते हे कोण बोलणार? जवळ गेलं की तेच सगळं पहिल्यापासून. एकीनं मला विचारलं होतं, “त्यांनी हात लावला की मला बाळच आठवतं. त्यांना काय आठवत असेल?” मी म्हटलं, त्यांनाच विचार. ती हसली. म्हणाली, “तुम्ही विचारता का तुमच्या मालकांना?” नव्हते विचारत. मी घरी आले की सासूबाईंच्या धाकानं आधी न्हाणीत जायची, आणि दवाखाना तिथंच सांडून टाकायची. आमच्या ह्यांना मी कोणत्या वॉर्डात काम करते हे माहीत होतं, एवढंच.

रजेचं म्हणाल, तर केंद्र सरकारनं २ सप्टेंबर २०२२ ला आदेश काढला. बाळ जन्मतःच मृत असेल किंवा जन्मल्यावर लगेच दगावलं, तर केंद्राच्या महिला कर्मचाऱ्याला ६० दिवसांची विशेष प्रसूती रजा. चांगलंच आहे. पण ती तिला, त्याला नाही. म्हणजे पुन्हा ती घरात, तो कामावर.

वाटीच्या त्या प्रकारानंतर मी एक हट्ट धरला, की सांगायचं ते दोघांना एका वेळी, बसवून. डॉक्टर आधी कुरकुरले, मग ऐकू लागले. खाली वॉर्डातून सिझरच्या बाईला खुर्चीवर बसवून वर आणायचं तर वॉर्डबॉय मामा हवा, खुर्ची हवी, जिना टाळायचा तर लिफ्ट चालू हवी. नातेवाईक आडवे येत. “तिला काही झालं तर जबाबदार कोण?” मी म्हणायची, मी. कायद्यानं मी कोण होते? पण युनिफॉर्ममधली बाई ठासून बोलली की माणसं बाजूला होतात. बाळ आधी तिच्या हातात द्यायचं, मग त्याच्या. काही जणी घेत नसत, तर बळजबरी नाही. एक बाप बाळ हातात घेऊन बायकोला म्हणाला, “कान तुझ्यासारखे आहेत गं.” ती इतका वेळ भिंतीकडं बघत होती, ती वळली.

शेवटची जोडी कोयत्यावरची. ऊसतोडीत ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायको दोघं. उचल दोघांवर मिळून घेतलेली, काम दोघांनी मिळून करायचं. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. हे डोंगरपट्ट्यातले, माजलगावकडच्या एका टोळीत आलेले. बाई सातव्या महिन्यात टोळीच्या झोपडीत, कोपीतच बाळंत झाली. बाळ ११०० ग्रॅमचं. आमच्याकडं चार दिवस होतं. पाचव्या दिवशी गेलं. संध्याकाळी दोघं ते घेऊन निघाले, सोबत टोळीतला एक म्हातारा. मुकादमाचे फोन चालूच होते, खाडा पडला की पैसे कापले जातात. मी तिची छाती बांधून दिली, गोळ्या दिल्या, म्हटलं, निदान आठ दिवस पड. ती म्हणाली, “बघते ताई.” आठवड्यात ती फडात होती, हे मला आशा सेविकेकडून कळलं.

हंगाम संपून उन्हाळ्यात ती गावी परतल्यावर अंगावरून जातं म्हणून आली. तपासणी झाल्यावर माझ्याजवळ बसली. मी विचारलं, मालक कसे आहेत, काही बोलतात का. “काय बोलायचं ताई? महिनाभर मोळी डोक्यावर घेऊ दिली नाही मला. तोडायचं पण त्यांनीच, वाहायचं पण त्यांनीच. मी नुसती बांधायची. बाकीचे हसायचे.”

मग तिनं सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. बाळाला पुरायला तीही गेली होती. टोळीत सासू नव्हती, नणंद नव्हती, नको म्हणणारं कुणी नव्हतं. म्हातारा म्हणाला, चल पोरी. कालव्याच्या कडेला, बाभळीखाली. त्यानं खड्डा घेतला, तिनं लुगड्याचा धडपा फाडून बाळाखाली घातला. माती दोघांनी लोटली. माझ्या ३१ वर्षांत आपल्या बाळाची जागा पाहिलेल्या आया मी बोटांवर मोजीन, आणि त्यातली ही एक, जिला त्यानंतर दोन दिवसही निजायला मिळालं नव्हतं.

पुढच्या दसऱ्याला त्यांनी मुकादमाशी घासाघीस करून त्याच कारखान्याची टोळी धरली, उचल थोडी कमी घेतली. दिवाळीनंतर ती आशाताईबरोबर आली होती, तेव्हा पुन्हा दिवस गेलेले. मी विचारलं, गेला होतात का तिकडं?

“गेलतो की. पण कालव्याचं काम निघालंय, काही बाभळी तोडल्यात. हे म्हणतात, तिसऱ्या बाभळीखाली होतं. मी म्हणते, चौथ्या.”

“मग?”

“मग काय. रोज फडाकडं जाताना तेच. हे तिसरीपाशी थांबतात, मी चौथीपाशी.” ती जरा हसली. “आता चौथीबी तोडली. तरी अजून मलाच खोटं पाडतात.”